लाल कड्याला हात लावायचा नाही

मी एक जुनं कडं आहे, मित्रांनो. बांगडीएवढं नाही, चांगलं भाकरीएवढं! अंगावर लाल चिंध्या आहेत आणि चिंध्यांत धूळ. पण मी धूळ खात पडून होतं, असं समजू नका हं. ही धूळ पळता पळता खाल्लेली आहे.

मेक्सिकोच्या डोंगरातल्या आमच्या रारामुरी बायका कड्याची शर्यत पळतात. वाकड्या टोकाच्या काठीने कडं उचलायचं, लांब भिरकावायचं आणि त्यामागे धावायचं. सकाळपासून पार दिवस मावळेपर्यंत! हात मात्र लावायचा नाही. हात लागला की डाव गेला.

तोमासा मावशीने मला घायपाताच्या दोरांनी वळलं आणि वरून तिची मोठी भाची फेलिपा हिच्या घागऱ्याची पट्टी गुंडाळली. फेलिपा आणि तिची धाकटी बहीण हेर्लिंडा यांची जोडी होती. हेर्लिंडा मला फेकून ओरडायची, "पळ ताई, पुढे!" की फेलिपा सुसाट सुटायची. लोक ओरडायचे, "इवेरिगा! इवेरिगा!" आमच्या बोलीत दम आणि जीव या दोन्हींना हा एकच शब्द आहे. काय दिवस होते ते!

मग फेलिपा तापाने गेली. हेर्लिंडाने मला खुंटीला टांगलं. रोज खाली काढून हातांनी कुरवाळायची. माझा जीव गुदमरायचा, पण तिला सांगणार कसं?

आमच्याकडे गेलेल्या बाईला चार वेळा निरोप देतात. चौथ्या निरोपाला तिच्या कड्यामागे पळलं की ती वर जायला मोकळी होते. नाहीतर घराभोवती घुटमळत राहते बिचारी.

"घुटमळू दे," हेर्लिंडा म्हणाली. "निदान जवळ तरी राहील."

"अगं, स्वतःसाठी तिला अडकवून ठेवतेस?" मावशी कडाडली. "मीच पळाले असते. पण हे गुडघे मला चुलीपर्यंत नेतात तेच नशीब!"

हेर्लिंडा उठली आणि काठी शोधू लागली.

निरोपाच्या दिवशी खालच्या वाडीतल्या बायकाही पळायला आल्या. त्यांच्यातली ग्रेगोरिया म्हणाली, "काय गं, बसून बसून पळायचं विसरलीस की काय?"

"माझी पाठ दिसली की कळेल तुला!"

आणि भिर्रर्र! मला पुन्हा वारा लागला! ओढा, दगड, चढण, उतार, काय ती मजा! पण हेर्लिंडा फेकताना गप्पच. 'पुढे' हा शब्द काही तिच्या तोंडातून निघेना.

सूर्य कलला आणि मी नेमकं निवडुंगात जाऊन अडकलं. ग्रेगोरिया पुढे निघून गेली. हेर्लिंडा गुडघ्यांवर बसली, तिने हात पुढे केला.

"हात नको गं!" वाटेच्या कडेला बसून बघणारी मावशी किंचाळली.

बोटं माझ्यापाशी येऊन थांबली. हेर्लिंडा ढसाढसा रडली. मग तिने हात मागे घेतला, काट्यांत काठी घातली, मला ओढून काढलं आणि अंगातलं सगळं बळ लावून फेकलं.

"पळ ताई, पुढे!"

पुढे पळायला फेलिपा नव्हती. तरी ती दोघींच्या वाटचं पळाली. "इवेरिगा! इवेरिगा!" अख्खी दरी दणाणली!

जिंकली ग्रेगोरियाच. मावशीने पैजेत नवं घोंगडं घालवलं, त्यावरून ती अजून कुरकुरते. हेर्लिंडाने मात्र मला पुन्हा कधी टांगलं नाही. आता वाडीतल्या पोरी माझ्यामागे पळायला शिकतात.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला कुरवाळत बसू नका. काठीवर उचला, फेका आणि जीव खाऊन मागे पळा. फेकताना ओरडायला मात्र विसरू नका. पुढे जायला कोणीतरी तुमच्या हाकेसाठी थांबलेलं असतं.