दोनदा मोजले

देवदत्ताने दहावा बुश मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला, खटका तीनदा वाजेपर्यंत फिरवला आणि आकडा वाचून तो हलकेच टेबलावर ठेवला. पोह्यांच्या बशांशेजारी पितळेचे दहा बुश, यंत्राच्या दांड्यावर बसणारी छोटी पोकळ नळकांडी, ओळीने उभे होते. एकातही दोष नव्हता.

"अहो, सकाळपासून काय निरखताय? जावई पारखायला बसल्यासारखे!" सुलेखा चहाचे आधण ठेवत म्हणाली.

"जावई असता तर एव्हाना काहीतरी खोट निघाली असती," तो म्हणाला.

अमेरिकेत ॲन आर्बरबाहेरच्या ज्या कारखान्यात देवदत्ताने एकवीस वर्षे तपासनीस म्हणून काढली, तेथे हाच बुश तयार होत असे. पुढे चाकणहून तयार माल येऊ लागला. शेवटचे सहा आठवडे कामगारांनी तो परक्या खोक्यांतून काढून आपल्या कारखान्याच्या खोक्यांत भरला, आणि मग त्या हातांचेही काही काम उरले नाही. एक खोके फोरमनने लेथवरच्या वॉल्टला निरोपादाखल दिले होते. "निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं. मला माझी नोकरी खाणारा मिळाला," असे वॉल्ट भेटेल त्याला सांगे. तेच खोके आज देवदत्ताच्या टेबलावर होते.

आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी सरकारची मदत होती : नव्या शिक्षणाची फी आणि शिकत असेपर्यंत आठवड्याचा भत्ता. तथापि अर्जावर तीन कामगारांच्या सह्या लागत, आणि २०२२ च्या जूनअखेर त्या योजनेचे दार मिटणार होते. एप्रिल निम्मा सरला होता. अर्ज मंजूर झाल्यास त्र्याऐंशी जणांचे भले होणार होते. देवदत्ताने स्वतःसाठी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा अभ्यासक्रम हेरूनही ठेवला होता. वय सत्तावन्न होते. परंतु विद्येने कोणाचा जन्मदाखला मागितल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते.

अकराच्या ठोक्याला वॉल्ट आणि ग्लेंडा आले. वॉल्टने सव्वीस वर्षे लेथ चालवले होते, ग्लेंडाने बारा वर्षे पॅकिंग सांभाळले होते. वॉल्टने न विचारता पोह्यांची बशी ओढली. ग्लेंडाने चष्मा चढवून अर्ज वाचायला घेतला.

"आयात वस्तू तुमच्या वस्तूसारखीच आहे काय? वर्णन करा."

"लिही, भंगार," वॉल्ट म्हणाला.

"नको," देवदत्त म्हणाला. "लिही, तंतोतंत तशीच."

वॉल्टचा चमचा थांबला. "डेव्ह, गावाकडचा माल म्हणून वकिली करतोस?"

सुलेखाने गॅस बारीक केला. देवदत्ताने मात्र आवाज चढवला नाही. "भंगार असेल तर ती वस्तूच निराळी झाली. मग सरकार म्हणेल, तुमचं काम दुसऱ्याच कारणानं गेलं. आपलं म्हणणंच मुळी हे आहे, वॉल्ट, की आपलीच वस्तू बाहेरून आली."

"मग लिहा तुम्ही दोघं. जे मी सव्वीस वर्षं केलं ते कुणालाही जमतं, असं मी सही करून देणार नाही."

"दोन सह्यांना कोण विचारतो?" ग्लेंडा म्हणाली. "माझं नर्सिंगचं शिक्षण तुझ्या नाकापाशी अडलंय, वॉल्ट. बाजूला घे ते नाक."

देवदत्ताने मायक्रोमीटर टेबलावरून वॉल्टकडे सरकवला.

"सकाळपासून मीही खोटच शोधत होतो," तो म्हणाला. "मला सापडली नाही. तू बघ."

वॉल्टने हात पँटला पुसले. पहिला बुश मोजला, दुसरा मोजला. चौथ्याच्या आतल्या कडेवरून त्याने करंगळीचे नख फिरवले. कापताना धातूची बारीक कुसळ, म्हणजे बर, राहिली तर तेथेच राहते, हे त्याला ठाऊक होते. नख कोठेही अडले नाही. पोहे गार झाले. दहाही संपले, तेव्हा त्याने हट्टाने खोक्यात हात घालून तळाचा अकरावा बुश काढला. त्याच्या तेलकट कागदाबरोबर एक घडी घातलेली चिठ्ठी बाहेर आली.

"हे काय?"

देवदत्ताने ती उजेडात धरली. पेन्सिलीने लिहिलेली मराठी अक्षरे होती. त्याने आधी ती मराठीतच वाचली, सुलेखासाठी, आणि मग वॉल्ट-ग्लेंडासाठी इंग्रजीत सांगितली.

"'दोनदा मोजले. शंका असल्यास मला विचारावे. शिवांगी, दुसरी पाळी.' तिच्या सुपरवायझरसाठी असणार. माल भरताना काढायची राहून गेली."

"मला विचारावे?" वॉल्टने अकरावा बुश मोजला, आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा मोजला. "ऐट बघ पोरीची. तूही माझ्या ट्रेवर असाच 'तपासले'चा लाल शिक्का हाणायचास, जसा काही देवानंच सही केलीय."

"मोजलेलं असलं की ऐट येतेच."

वॉल्टने अकरावा बुश बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. मग त्याने हात पुढे केला.

"पेन दे. ग्लेंडा, लिही, तंतोतंत तशीच. आणि पुढं लिही, आमच्याइतकीच चांगली."

"एवढी जागा नाही इथे."

"मग समासात लिही. वाचतील, डोळे आहेत त्यांना."

तिसरी सही झाली. ग्लेंडाने अर्ज लिफाफ्यात घातला. वाटेतच पोस्ट होते. दारात वॉल्ट सुलेखाला म्हणाला की पोहे गारही चांगलेच लागतात, आणि खोके येथेच राहू दे, आपल्याला घड्याळच बरे.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर देवदत्त टेबलाशी परतला. त्याने अकराही बुश तेलकट कागदात पूर्ववत गुंडाळून खोक्यात लावले. मग पेन्सिल घेऊन चिठ्ठीवर शिवांगीच्या अक्षराखाली लिहिले : तिसऱ्यांदा मोजले. चौथ्यांदा वॉल्टने. शंका नाही.

"आता ती कोण वाचणार आहे?" सुलेखाने विचारले.

खाली त्याने आपले नाव लिहिले, आणि त्यापुढे हाताच्या सवयीने 'पहिली पाळी' असेही लिहिले गेले. त्या दोन शब्दांवर पेन्सिलीचे टोक क्षणभर टेकले. मग त्याने ते न खोडता चिठ्ठीची घडी घातली.