पुढची जागा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर वल्हवायला शिकणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. शर्यतीची होडी उलटी चालते. आपण बसतो शेपटाकडं तोंड करून आणि होडी जाते आपल्या पाठीच्या दिशेनं. दोघींच्या होडीत जी पुढं, म्हणजे शेपटाजवळ, बसते तिनं लय द्यायची. जी तिच्या पाठीमागं बसते तिनं ती लय धरायची, अधूनमधून मान वळवून वाट बघायची आणि हाका द्यायच्या. पुढचीला मागची दिसत नाही. मागचीला मात्र पुढचीची पाठ सोडून फारसं काही दिसत नाही.

प्रतिक्षा दोन वर्षं साजियाची पाठ बघत होती.

त्याआधी तीन वर्षं पुढची जागा तिची होती. नागेश सर फौजेतून परतले आणि इंदापूर तालुक्यातल्या आपल्या काठावरच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांनी दोन जुन्या होड्या आणून ठेवल्या. तेव्हा पहिलं नाव घातलं ते म्हस्कूच्या पोरीनं, प्रतिक्षानं. आजा मेंढरं राखायचा, बाप ऊस लावतो. पाण्याशी नातं जोडणारी घरातली ही पहिलीच. मग बारामतीहून साजिया आली. चाँदभाईंची धाकटी. स्टँडमागं त्यांचं लोखंडी कपाटांचं दुकान आहे. होडी जरा हलली की किंचाळणारी ही पोरगी सहा महिन्यांत अशी वल्हवायला लागली, की काठानं मोटारसायकलवरून येणारे सर गाडी थांबवून नुसते बघत राहायचे. एका सकाळी ते म्हणाले, "प्रतिक्षा, तू मागं बस. साजिया, पुढं ये."

"का सर? माझं काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाय. तिची लय घड्याळासारखी हाय आन वाट तुला कळती. आंधळ्यानं गाडी हाकून चालतंय व्हय? राष्ट्रीय स्पर्धा होऊ दे, मग जागेचं परत बघू."

यातलं कौतुक प्रतिक्षाच्या कानात शिरलंच नाही. शेवटचं वाक्य तेवढं तिनं पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

मत्सर एका दिवसात वाढत नाही. त्याला रोज थोडं थोडं खायला लागतं, आणि ते त्याला मिळत गेलं. राज्य स्पर्धेत दोघी जिंकल्या. पेपरात फोटो आला, त्यात साजिया हसत होती आणि तिच्या खांद्यामागून प्रतिक्षाचं कोपर तेवढं दिसत होतं. चाँदभाईंच्या शेजारच्या दुकानदारांनी बारामतीच्या चौकात मोठा बोर्ड लावला. 'आमच्या भगिनी साजिया व सहकारी यांचे हार्दिक अभिनंदन.'

प्रतिक्षाची आई बानूबाई बाजाराला गेली होती, तिनं तो कुणाकडून तरी वाचून घेतला. घरी आल्यावर पिशवी टेकवायच्या आधीच म्हणाली, "आगं, ते सहकारी म्हंजी तूच का? मला वाटलं, साखर कारखान्याचं काय हाय."

सगळं घर हसलं. प्रतिक्षा जेवली नाही.

तसंही तिला पोटभर जेवायची सोय नव्हतीच. हलक्या वजनाच्या गटात दोघींचं मिळून वजन एकशे चौदा किलोच्या आत लागतं आणि एकटीचं कुणाचंही एकोणसाठच्या वर चालत नाही. साजिया उंच, हाडापेरानं भरलेली. ती एकोणसाठला टेकायची. म्हणजे प्रतिक्षानं पंचावन्नच्या वर जाता कामा नये. लय साजियाची, फोटो साजियाचा आणि उपास मात्र प्रतिक्षाला. अर्धी भाकरी खाऊन उठताना दर वेळी तिला वाटायचं, ही उरलेली अर्धी ती खाते.

राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात होत्या. प्राथमिक फेरीत दोघींची होडी दुसरी आली. अंतिम शर्यतीत सहा होड्या. पदक हाताच्या अंतरावर होतं.

शर्यतीच्या दिवशी वजनाला जायच्या दहा मिनिटं आधी प्रतिक्षा होड्यांच्या शेडमागच्या नळावर तोंड धुवायला गेली. घसा कोरडा पडला होता. तिनं बाटली भरली, एक घोट घेतला. तिथंच थांबायचं होतं. पण मनात आलं, आज वजन जादा भरलं तर सगळे कुणाकडं बघतील? जड कोण आहे, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग सर जागेचं बघतीलच. तिनं डोळे मिटून अर्धा लिटर पाणी संपवलं. मग तोंड पुसलं आणि साजियाच्या शेजारी रांगेत जाऊन उभी राहिली.

वजन घेणाऱ्या बाईंनी काट्याचा आकडा आपल्याकडं वळवून ठेवला होता. दोघी एकेक करून उभ्या राहिल्या. बाईंनी बेरीज केली आणि म्हणाल्या, "तीनशे ग्रॅम जादा. काटा अजून पाऊण तास उघडा आहे. बघा काय करता ते."

सगळे साजियाकडंच बघायला लागले. साजिया स्वतःसुद्धा आपल्याच पायांकडं बघत होती.

"माझंच आसणार," ती म्हणाली. तिनं दोन जाकिटं अंगावर चढवली.

सर म्हणाले, "दोघी पळा."

"नको सर. हिच्या अंगात आता काढायला ऱ्हायलंय काय? मी एकटी पळती."

ऊन चढलं होतं. साजिया मैदानाला फेऱ्या मारत होती आणि प्रतिक्षा सावलीत बसून त्या मोजत होती. प्रत्येक फेरीला वाटायचं, आता सांगावं. सातव्या फेरीला साजिया अडखळली, गुडघे टेकले, पुन्हा उठून पळायला लागली. पोटातलं पाणी प्रतिक्षाला दगडासारखं लागत होतं. पण ती उठली नाही.

वजन बसलं. बरोबर एकशे चौदा.

शर्यत दोन हजार मीटरची. हजारपर्यंत त्यांची होडी तिसरी होती आणि साजियाची लय खरंच घड्याळासारखी होती. दीड हजाराला प्रतिक्षाला समोरच्या पाठीत काहीतरी सुटल्यासारखं दिसलं. दोन वर्षं रोज बघितलेली पाठ. तिचा कणन् कण तिला पाठ होता. डावा खांदा खाली येत होता, वल्हं उशिरा निघत होतं.

"साजिया! मी मोजती, तू नुसती माझ्या आकड्यावर ओढ! एक! दोन!"

साजियानं ऐकलं. आंधळ्यासारखी त्या आवाजाला धरून ती ओढत राहिली. पण अंगात पाणीच नव्हतं. शेजारची होडी हळूहळू पुढं सरकली. चौथा नंबर. सव्वा सेकंदानं पदक गेलं.

धक्क्यावर साजियाला उलटी झाली. तोंड धुऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"सर, माझ्या अंगामुळं गेलं ओ."

"आसू दे बाळा. वजन काय कुणाच्या हातात आसतंय?" सर म्हणाले. मग म्हणाले, "इंदापूरला गेल्यावर जागा बदलून बघू आपण."

झालं. प्रतिक्षानं नळावर जे मनात आणलं होतं ते सगळं, न बोलता, तिच्या पदरात पडलं. आता फक्त गप्प राहायचं होतं.

साजियानं पिशवीतून केळी काढली. एक सोललं आणि प्रतिक्षापुढं धरलं. "तू आधी खा. चार दिवस झालं उपाशी हायेस माझ्यापायी."

प्रतिक्षाचा हात पुढं झालाच नाही.

"मी पाणी प्याले," ती म्हणाली. "वजनाच्या आधी. आख्खी बाटली."

"इसरून?"

"न्हाय. मुद्दाम."

साजियाच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "का?"

"तुझी जागा पायजे होती मला."

"मग मागायची की!"

"दिली आसतीस?"

"न्हाय दिली आसती," साजिया म्हणाली. "भांडले आसते. झिंज्या उपटल्या आसत्या तुझ्या. पर ह्ये आसलं… मी फेऱ्या मारत हुते तवा तू बघत बसली हुतीस."

सरांनी होडीकडं बोट केलं. दोघींनी ती खांद्यावर घेतली, एक एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या.

त्यानंतर आठ दिवस साजिया आलीच नाही. नवव्या दिवशी बारामतीहून एसटीनं आली, शेडपाशी पिशवी ठेवली आणि सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, हिला फुडं बसवा. मी मागं बसती."

"आगं पर लय तुझी—"

"ही माझ्या पाठीशी नको मला. माझ्या डोळ्याम्होरं पायजे."

सरांनी प्रतिक्षाकडं बघितलं. ती मान खाली घालून पुढच्या जागेवर जाऊन बसली. दोन वर्षं हीच जागा तिनं मनातल्या मनात मागितली होती.

समोर आता कुणाची पाठ नव्हती. मागं पडत जाणारं पाणी, पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळी आणि लांब होत जाणारा काठ. सगळं मोकळं होतं. मागून साजियाची हाक यायची. "उजवं जोरात." "सरळ." होडीपुरतं बोलायची, त्याच्या पुढं एक शब्द नाही. तिचा चेहरा कसा झालाय ते बघायची प्रतिक्षाला फार इच्छा झाली. पण लय देणारीनं मान वळवायची नसते.

तासाभरानं दोघी काठाजवळ आल्या. प्रतिक्षानं वल्ही सैल सोडली.

"थांबू नको," मागून आवाज आला. "लय तुटती हाय तुझी. शेवटचं पाचशे मीटर परत."

"व्हय," प्रतिक्षा म्हणाली आणि वल्ही पुन्हा पाण्यात घातली.