मलकाबाईचा दगड

“ज्योतीराम, मलका कुठे आहे?”

म्हाताऱ्याने हे विचारलं तेव्हा मी दुर्गाबाईचा नारळ फोडत होतो. अंगावर पोलिसाचा गणवेश, डोक्यावर सरकारी टोपी आणि हातात अर्धवट फुटलेला नारळ. वळून पाहिलं तर रहमिमकाका झिराडकर! काखेत वळकटी, दाढीचे खुंट वाढलेले. मुंबईच्या गाडीतून उतरून घरीसुद्धा न जाता तडक इकडे आले होते. समोर त्यांच्या बायकोच्या कबरीवरचा दगड शेंदरात बुडालेला होता. त्याला चांदीचे डोळे बसवले होते, वर झेंडूची माळ आणि शेजारी घंटा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून दुर्गाबाई कावली, “आवो जमादार, फोडा की! भाकरी पोचवायची हाय बांधकामावर.”

मी नारळ फोडला. दुसरं करणार काय? करायचं ते आधीच करून बसलो होतो.

देहूरोडच्या अलीकडे ओढ्याकाठी बेने इस्राएल लोकांचं एक लहानसं कबरस्तान होतं. चौदा-पंधरा दगड आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. हे लोक धर्माने ज्यू, पण बोली आपली, लुगडं आपलं, आडनावं कोकणातल्या गावांची. पूर्वी तिकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. इंग्रजांच्या काळात लष्कराच्या डेपोत नोकरीला आले, आणि स्वराज्य आल्यावर एकेक बिऱ्हाड बोटीत बसून इस्राएलला गेलं. मागे उरले एकटे रहमिमकाका. डेपोत स्टोअरकीपर होते, आता घरी बसलेले. मुलगा हैफाला. दर पत्रात ‘बाबा, या’ म्हणून लिहायचा.

“जाऊ कसा?” काका मला म्हणायचे. “मलकेच्या शेजारची जागा धरून ठेवली आहे मी.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. मलकाबाईच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा त्यांनी खरोखरच राखली होती. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकलेल्या. दर शुक्रवारी दुपारी येऊन तिथलं गवत उपटायचे, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आणि दिवस कलायच्या आत घरी जायचे. म्हाताऱ्याला जगात दुसरं काही नको होतं. मरायचं आणि तिथे निजायचं, बस्स.

छप्पन साली सुएझला लढाई पेटली, इस्राएल इजिप्तवर चालून गेलं. आता कुठे इजिप्त आणि कुठे आमचा ओढा! पण बाजाराच्या दिवशी बाहेरून आलेला कोणी एक जण ओट्यावर उभा राहून तासभर बरळला. हे लोक परके, यांचं इमान तिकडे, खातात इथलं. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांचे नोकरीचे अर्ज याच रहमिमकाकांनी लिहून दिलेले. तरी माना डोलल्या. तिसऱ्या दिवशी कबरस्तानातले पाच दगड फुटलेले सापडले आणि बाकीच्यांवर डांबराने लिहिलेलं होतं, ‘चालते व्हा.’ मलकाबाईचा दगड कमरेत मोडला होता. नावाचा तुकडा कुठे गेला कोणास ठाऊक. आम्ही ओढासुद्धा चाळला.

पंचनामा मीच लिहिला. काका डांबराच्या अक्षरांकडे बघत उभे राहिले.

“अक्षर ओळखीचं आहे,” ते हळूच म्हणाले.

“कुणाचं, काका? नाव सांगा, आत्ता आणतो फरफटत.”

“राहू दे. साक्षरतेच्या वर्गात मीच गिरवायला शिकवलं त्याला. उद्या त्याच्याच दुकानातून तांदूळ आणायचा आहे मला.”

कागदावर ‘अज्ञात इसम’ पडलं.

सरकार मात्र हललं, खोटं कशाला बोलू? वरून कागद आला. अल्पसंख्य समाजाच्या पवित्र जागांचं रक्षण व्हावं, गुन्हेगारांचा कसून शोध घ्यावा, गावोगाव सलोखा समिती नेमावी. भाषा अशी की वाचून छाती भरून यावी. मामलेदार समितीचे अध्यक्ष, गावचे सोपानराव सभासद. बैठक झाली, चहा झाला, ठराव झाला. आणि रक्षण म्हणजे कोण? तर मी. एक शिपाई, एक लाठी, रात्रंदिवस पहारा. माणसाला जेवण असतं, अंघोळ असते, हे त्या कागदात कुठे नव्हतं. दर सोमवारी मी ‘अनुचित प्रकार नाही’ असं लिहून द्यायचं.

त्याच सुमारास काका मुंबईला गेले. त्यांची बहीण कायमची इस्राएलला निघाली होती, तिला बोटीवर पोचवायला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझ्या भरवशावर सोडून जातोय हं, ज्योतीराम.” तिकडे आजारी पडले आणि दोन महिने अडकले.

ते गेले त्याच आठवड्यात मी तासभर जेवायला घरी गेलो आणि परत आलो तर आणखी दोन दगड आडवे! माझं डोकं फिरलं. भरवशावर सोडून गेलेल्या माणसाला तोंड काय दाखवू? मी चऱ्होलीचा. आमच्याकडे शेंदूर लावलेल्या दगडाला कोणी बोट लावत नाही; दारू पिऊन तर्र झालेला गडीसुद्धा वळसा घालून जातो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी घरून तेल आणि शेंदूर आणला आणि मलकाबाईच्या उरलेल्या अर्ध्या दगडाला फासला. पायवाटेवरून पहिला तोच दिसायचा. सगळ्यांना फासला असता तर संशय आला असता. काका यायच्या आत घासून काढू, असा माझा हिशेब. काय अक्कल! तेलातला शेंदूर दगडात मुरतो, हे पोरालाही कळतं.

युक्ती लागू पडली, हे मात्र खरं. त्या दिवसापासून मोडतोड करायला कबरस्तानात कोणी पाऊल टाकलं नाही. मी खुशीत. चौथ्या दिवशी दगडापुढे लिंबू दिसलं, मी हसलो. मग हळदकुंकू. पलीकडे नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथे भाकरी घेऊन जाणाऱ्या बाया वाट वाकडी करून येऊ लागल्या. कौशल्याबाईच्या मुलीचा ताप उतरला, आणि ओढ्याचा म्हसोबा नवसाला पावतो अशी हूल उठली. बांधकामावरच्या मुकादमाने घंटा बांधली. सोपानरावांनी ओटा घातला. नेमका डाव्या हाताला, त्या चार खुंट्या उपटून. मी तिथेच उभा होतो. ‘अहो, ही कबर आहे’ एवढे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. आज उद्या करता करता राहिलं. मामलेदारसाहेब पाहणीला आले, त्यांनी सगळं ओळखलं आणि माझी पाठ थोपटली.

आणि मग काका आले.

दुर्गाबाई गेल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पाय धरले.

“उभ्या जन्मात तिने कपाळाला कुंकू लावलं नाही, ज्योतीराम,” ते म्हणाले. “आमच्यात लावत नाहीत. दगडाला देव म्हणायचं नाही, हे आम्हाला पाळण्यातलं शिक्षण. आणि तू तिलाच देव करून ठेवलंस?”

“राखायची म्हणून केलं हो, काका.”

“राखलीस खरी. पण मला परत कोण देणार?”

आवाज चढला नाही त्यांचा. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्यांनी समितीकडे अर्ज केला. बैठकीच्या आदल्या दिवशी मी मामलेदारांकडे गेलो. म्हणालो, “साहेब, शेंदूर मी लावला, हे मी चावडीत उभा राहून सांगतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “आणि चारशे माणसं ठाण्यावर चालून आली तर? दोन महिन्यांत एक दगड हललेला नाही. आपला तालुका नमुना म्हणून वर कळवलाय मी. तुला चार मुली ना रे? गप्प बैस.”

चावडीत काका उठून उभे राहिले. हात जोडले. “मला कुणाचा देव फोडायचा नाही. दुसरा चांगला दगड मी स्वतः आणून देतो, म्हसोबा त्यात बसवा. मला माझी बायको द्या. आणि तिच्याजवळ थोडी जागा.”

सोपानराव माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं. घसा खाकरून म्हणाला, “बाबा, तुमचं दुक कळतंय आमाला. पर देव काय आमी बसिवला व्हय? त्यो आपसूक परगटला. आता त्येला हालवायचा म्हंजी गावावर कोप. तुमी कवाबी या, नारळ वाढवा, तुमास्नी कोन न्हाई म्हनतंय? पर देवाच्या पायाशी मढं पुरायचं मातर जमायचं न्हाई बगा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. देव कसा प्रगटला ते सांगणारा माणूस दारातच उभा होता, हातात लाठी घेऊन. मी खाली माझ्या बुटांकडे बघत राहिलो. आजही ते बूट स्वप्नात येतात.

ठराव झाला: सदर जागेविषयी सर्व समाजांत आदरभाव निर्माण झाला असून समिती समाधान व्यक्त करते. पहारा कायम ठेवावा व देवस्थानाचे पावित्र्य कोणी भंग केल्यास अटक करावी. म्हणजे म्हातारा शेंदूर पुसायला रॉकेल आणि फडकं घेऊन आला असता तर बेड्या मीच घालायच्या. तो आला नाही. मुलाला ‘येतो’ म्हणून तार करून मोकळा झाला.

चैत्रात म्हसोबाची पहिली जत्रा भरली. रेवड्यांची दुकानं, पाळणा, पार ओढ्याच्या पुलापर्यंत रांग. रांगेच्या बंदोबस्ताला मी. झाडाखाली खुर्ची टाकून फौजदार बसले होते. दुपारी रांगेत काळी टोपी दिसली. रहमिमकाका. दुसऱ्या दिवशी त्यांची बोट होती. मी धावत गेलो.

“काका, रांगेत कशाला? चला, मी पुढे नेतो.”

“नको,” ते म्हणाले. “लोक ओरडतील तुला.”

दीड तास ते उन्हात उभे राहिले. पुढे नवसाची बाई कोंबडं घेऊन, मागे लेकुरवाळी. सगळ्यांनी काढल्या तशा यांनीही वहाणा काढल्या. पाळी आली तेव्हा ते गुडघ्यांवर बसले, शेंदरावर पालथा हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काही पुटपुटू लागले. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, असं त्यांनीच मला कधी सांगितलं होतं. रांगेत शंभर तरी असतील.

“आवो म्हातारबाबा, किती येळ!” मागची बाई वैतागली. “लेकरू रडतंय माजं.”

झाडाखालून फौजदार गरजले, “ज्योतीराम! रांग का थांबली?”

काकांचे ओठ हलतच होते. मी वाकलो, त्यांच्या दंडाला हात घातला.

“चला काका,” मी म्हणालो, “पुढे सरका.”

ते सरकले.