सगळे लोरेदानाला शोधत होते

नापोलीच्या बंदराबाहेर बस उभी होती. एर्मेसने बायकोला, लोरेदानाला, खिडकीशी बसवलं आणि तो स्वतः कडेला बसला. नेहमी तसंच असे. लोरेदानाचं ओळखपत्र त्याच्या पाकिटात होतं आणि तिचा फोन नाताळपासून त्याच्या कपाटात. ते ज्या पर्यटन जहाजाने फिरत होते, ते दुपारी पुढे निघणार होतं. तेवढ्या वेळात काझेर्ताचा राजवाडा आणि बाग बघून परत यायचं, अशी ही अर्ध्या दिवसाची सहल होती.

सफर संपली की लोरेदानाला डोंगरातल्या एका संस्थेत ठेवायचं ठरलं होतं. एर्मेस डॉक्टरला, शेजाऱ्यांना, पाद्रीबाबांना वर्षभर सांगत आला होता की हिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. इतक्या शांतपणे, इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगे, की लोक त्याचेच हात हातात घेत. लोरेदाना काही बोलायला गेली की तो म्हणे, "बघा, झालं सुरू."

तिला एकच गोष्ट ठाऊक होती. काझेर्ताच्या राजवाड्यासमोर स्टेशन आहे आणि तिथून बेनेवेन्तोला गाडी जाते. बेनेवेन्तोत तिची धाकटी बहीण मिल्विया राहत होती. तिच्याशी बोलणं एर्मेसने केव्हाच बंद करवलं होतं.

सहलीची गाइड मातिल्दे ही पन्नाशीची, घसा बसलेली बाई. पिवळी छत्री उंच धरून ती पुढे चाले. सिंहासनाच्या दालनात एर्मेसने तिला दोन-तीन चांगले प्रश्न विचारले, मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे वळून हळूच म्हणाला, "हिला जरा सांभाळावं लागतं. हल्ली घरातल्या घरात वाट चुकते."

"बिचारी," म्हणत त्या बाईने लोरेदानाच्या गालावरून हात फिरवला.

राजवाड्यामागून छोट्या बसने सगळे बागेच्या वरच्या टोकाला गेले. इंग्रजी बागेच्या दाराशी कुणीतरी एर्मेसच्या हातात कॅमेरा दिला. "आमचा सगळ्यांचा एक काढा ना, साहेब." त्याने लोरेदानाचा दंड सोडला. तो डोळ्याला कॅमेरा लावतोय तोवर ती कॅमेलियाच्या झाडांमागे गेली होती.

ती पळत सुटली. उतारावरून खाली तळ्यापर्यंत आली. तळ्याच्या काठी मुद्दाम पडकी बांधलेली एक भुयारासारखी ओसरी होती. तिच्या कोपऱ्यात, ओल्या भिंतीला चिकटून ती उभी राहिली. इथून बाहेर कसं पडायचं, हा विचार तिने केलाच नव्हता.

मग हाका सुरू झाल्या. एर्मेसची एकट्याची असती तर एक वेळ सोसली असती. पण सगळी बसच तिला शोधायला निघाली होती.

"लोरेदाना, बाळा, घाबरू नकोस हं."

"इकडे ये, सिन्योरा, तुझा नवरा रडतोय बघ."

इतक्या मायेने तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. त्यातलं कुणीही तिला बघितलं असतं तर हाताला धरून, डोळे पुसत, त्याच्या हवाली केलं असतं. तिने गळ्यातल्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबला.

आत आली ती मातिल्दे. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबली, मग म्हणाली, "सापडलात. चला, सिन्योरा. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"ओरडू नका. तुमच्या पाया पडते."

"तुमच्या नवऱ्याने सांगितलंय मला, की तुम्हाला बरं नसतं."

"मला विचारा," लोरेदाना म्हणाली. "काहीही विचारा. ही बाग राणी मारिया कारोलिनाने करवून घेतली, असं सांगितलंत ना? धबधब्याचं पाणी लांबच्या डोंगरातून पाटाने आणलंय. दालनातून निघताना तुम्हाला खोकला आला आणि तुम्ही तारीख चुकलात, मग सुधारलीत. डोकं गेलेल्या बाईला हे आठवेल?"

मातिल्देने हातातली छत्री मिटली.

"पुढच्या आठवड्यात मला आत टाकणार आहे तो. तिथून मी काय सांगू आणि कोण ऐकेल? मला फक्त स्टेशनापर्यंत जाऊ द्या."

"आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर? माझ्या गळ्यात येईल सगळं."

"येईल," लोरेदाना म्हणाली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बाहेर एर्मेसचा आवाज जवळ आला. "मातिल्दे, तिकडे बघितलंत का?"

मातिल्देने डोळे मिटून घेतले. मग ओसरीतून बाहेर जात मोठ्याने म्हणाली, "इथे कुणी नाही. वर धबधब्याकडे बघू या, पाण्याच्या बाजूला." हाका वर सरकत गेल्या. जराशाने ती एकटीच परत आली आणि घाईघाईने सांगू लागली, "राजवाड्यातून जाऊ नका, तिथे पहारा आहे. झाडीझाडीने खाली उतरा. शहराच्या बाजूला एक दार आहे, डाव्या हाताला. सबातीनो, आमचा ड्रायव्हर, तिथे येईल. फोन करते त्याला. जा आता, मी विचार बदलायच्या आत."

ती बाग सरळ रेषेत आखलेली. मधोमध पाण्याचा लांबच लांब पट्टा, दोन्ही बाजूंना उघडे रस्ते, टोकाला राजवाडा. कितीही चाला, तो जवळ येत नव्हता. लोरेदाना झाडांच्या रांगेआडून चालत होती, मध्येच पळत होती. छातीत कळ आली तरी थांबली नाही. मागून छोटी बस आली तेव्हा ती खोडामागे पालापाचोळ्यात बसली. पुढच्या सीटवर एर्मेस होता. दोन्ही बाजूंना सावकाश बघत चालला होता. तो रडत नव्हता. कुणी बघत नसलं की त्याचा चेहरा कसा असतो, ते तिलाच माहीत होतं. बस दिसेनाशी झाल्यावर ती उठून पुन्हा चालू लागली.

दाराबाहेर चपटी टोपी घातलेला एक जाडजूड माणूस सिगारेट ओढत उभा होता. "मातिल्देची पाहुणी ना?" तो म्हणाला. "तोंड पुसा आधी. लोक बघतायत." वाटेत सबातीनोने एकही प्रश्न विचारला नाही. स्टेशनात तिने सांगितलेल्या गावाचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं, गाडी हलेपर्यंत डब्यासमोर उभा राहिला, आणि मग बसकडे धावला.

बसपाशी पोलीस आले. एर्मेसने त्यांना डॉक्टरचा कागद दाखवला. मातिल्दे म्हणाली, "बाई सज्ञान आहेत, शुद्धीवर आहेत. आपल्या मर्जीने जातेय असं मला सांगून गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही." बसमधल्या लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. म्हातारी बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "आजारी बाईला रस्त्यावर सोडलंस. लाज कशी नाही वाटत?" आपण बरोबर केलं की नाही, हे मातिल्देलाही माहीत नव्हतं. सहल कंपनीने त्यानंतर तिला पुन्हा बोलावलं नाही.

बेनेवेन्तोत मिल्विया त्याच जुन्या घरात राहत होती. तिने दार उघडलं, बहिणीच्या केसांतला पाला बघितला, आणि आधी तिच्या खांद्यावरून खाली जिन्याकडे नजर टाकली.

"एकटीच?"

"एकटीच."

मिल्वियाने तिला आत ओढलं आणि दोन्ही कड्या लावल्या. रडणं, मिठी मारणं सगळं नंतर झालं. लोरेदाना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. बहिणीने तिच्या पुढ्यात पाव ठेवला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"त्याच्याकडे हा नंबर आहे?" मिल्वियाने विचारलं.

"त्याच्याकडे सगळे नंबर आहेत."

दोघी फोनकडे बघत बसल्या. तो वाजायचा थांबला आणि पुन्हा वाजू लागला.