बिनआवाजी पाऊल

दुखायचा माझा गुडघा, म्हणून मी वर्षानुवर्षं गुडघ्यालाच तेल चोळत बसले. शेवटी एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघा ठणठणीत आहे. झिजलाय तो खुब्याचा सांधा. हाडावर हाड घासतंय!" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

ऑपरेशन करून खुबा बदलला. रोज व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं आज सकाळी काठीही काढून घेतली. आणि मी चालले! दुखणं नाही, लंगडणं नाही! नवऱ्याला कधी एकदा दाखवते असं झालं. तशीच स्वयंपाकघरात गेले, तर स्वारी जॅमच्या बरणीत चमचा घालून उभी. आणि हे म्हणे शुगरचे पेशंट!

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं माझा घासत येणारा पाय ऐकला की बरणी फडताळात जायची आणि हे साळसूदपणे पेपर वाचत बसायचे.

"अगं, तुझ्या पायाचा आवाज कसा नाही आला?" दचकून विचारता विचारताच त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा चाल बघू!"

मी चालून दाखवलं. अगदी ऐटीत, दारापर्यंत, बरणी काखोटीला मारून.