मोठ्यानं पुकारलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वलगावच्या शिवारात भाजीची एक वाडी आहे. तिथल्या टिनाच्या शेडमध्ये, मोटारपंपाच्या शेजारी मी उभा असतो. पायाशी लोखंडी पाट, मागे खांब आणि खांबावर घड्याळासारखी गोल चकती, असं माझं रूप. या चकतीला माझं तोंड म्हणा हवं तर. पण हे तोंड सध्या मला कोणाला दाखवावंसं वाटत नाही. मला लाज वाटते. का वाटते, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म अकोल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. शेषराव नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं आणि एसटीच्या टपावर दोरीनं बांधून इकडे आणलं. मूर्तिजापूरच्या आसपासच्या खड्ड्यांनी माझी सुई अशी काही नाचवली, की वाडीत उतरल्यावरही बराच वेळ ती थरथरत होती. पण एकदा स्थिर झाली ती झालीच. वांगी, पालक, गवार, झेंडू, आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, सगळं माझ्या पाटावरून गेलं. दरवर्षी वजनमापाचे साहेब यायचे, मला तपासून शिक्का मारायचे आणि म्हणायचे, "शेषराव, काटा इमानदार आहे हो तुमचा." ते ऐकलं की मी नव्या नवरदेवासारखा फुगायचो.

शेषरावांची एक रीत होती. वजन झालं की ते आकडा मोठ्यानं पुकारायचे. मग वाडीतला गडी सहदेव तोच आकडा पुन्हा पुकारायचा. व्यापारी ऐकायचा, भाजी निवडणाऱ्या बाया ऐकायच्या, बांधावरचा शेजारी ऐकायचा. "आकडा साऱ्याइले आयकू गेला, की चोरीले जागा रायत नाई," असं शेषराव म्हणायचे. त्यांचा मुलगा मनोज चड्डीत होता तेव्हापासून ही पुकार शिकला. शेषराव वारले, पण रीत राहिली. पुढे मनोजनं संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका केली, घराला बरकत आली आणि टेबलावर ठेवायचा, लाल आकडे दाखवणारा नवा काटा आला. मी शेडमध्ये गेलो. अंगावर धूळ बसली, पाटावर कोणी पाइपची वेटोळी टाकली. मी मनाशी म्हणालो, चला, म्हातारपण आलं.

तेवढ्यात घरात परदेशाच्या सहलीचं वारं शिरलं.

त्याला कारण मनोजच्या आई, बेबीताई. त्यांनी जन्मभर फुलं लावली. झेंडू, शेवंती, निशिगंध, जमीन दिसली की यांचे हात शिवशिवायचे. एकदा सून वर्षाली शेडपाशी बसून त्यांना मोबाइलवर समुद्राच्या तळाचे प्रवाळ दाखवत होती. लाल, जांभळे, पिवळे, पाण्यात डोलणारे. बेबीताईंनी मोबाइल हातात घेतला आणि लांब धरून पाहिला. मग म्हणाल्या, "हे फुलं पान्यात कोनं लावले व?"

"कोणी नाई आई. आपोआप होते म्हणतात. ऑस्ट्रेलियाले हायेत."

"आपोआप! अन् आमी इथं निंदून निंदून मेलो."

त्या हसल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा दाखवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. मनोजनं ते पाहिलं आणि ठरवलं, आईला नेऊन दाखवायचंच.

अकोल्याला करिश्माताई नावाची एक बाई सहली आखून देते. मनोज शेडच्या सावलीत बसून फोन मोठ्या आवाजावर लावी, म्हणून सगळी आखणी मी ऐकत होतो. आधी प्रवाळाचं बेट, मग सदा ओलं राहणारं पावसाळी जंगल आणि शेवटी तांबड्या मातीचा ओसाड मुलूख. राहायला मोठी हॉटेलं नाहीत. तिन्हीकडे लहान, मोजक्या खोल्यांची, पण भारी थाटाची घरं.

"खोल्या मोजक्याच, अन् भाडं एवढं?" बेबीताईंनी विचारलं.

"काकू, पाहुणे कमी म्हणूनच तर भाडं जास्त," करिश्माताई फोनवर म्हणाली. "सकाळी तुमचे नाव घेऊन विचारतीन, चहा कसा पाह्यजे म्हणून."

"बाप्पा! इथं तं मले कोणी इचारत नाई."

तांबड्या मातीचं ऐकून त्यांनी तिच्यात कपाशी येते का, याची चौकशी केली. काहीच येत नाही असं कळल्यावर, मग पाहायला काय जायचं, असंही म्हणून झालं. पण आधी बेटावर जायचं, यावर मात्र त्या अडून बसल्या. "आंधी फुलं. बाकी मंग." पोळा झाला की निघायचं ठरलं. बेबीताईंनी नवं लुगडं घेतलं. दुपारी भाजी निवडताना त्या बायांना त्या फुलांची वर्णनं सांगायच्या, जणू काही स्वतःच पाणी देऊन आल्या आहेत.

मग एके दिवशी करिश्माताईनं कळवलं, की बेटावर जायचं विमान अगदी लहान असतं. कडक बॅगा चालत नाहीत, मऊ पिशव्या हव्यात. मनोजनं आधीच चार टणक बॅगा आणून गावभर मिरवल्या होत्या, त्याचं तोंड एवढंसं झालं. आणि दुसरं म्हणजे, प्रत्येक माणसाचं वजन हवं होतं. "मले मेसेज करून द्या," ती म्हणाली.

नव्या काट्यावर माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून माझ्यावरची पाइपं उचलली गेली, मला पुसून शेडबाहेर आणलं. मित्रांनो, काय आनंद झाला सांगू! सकाळची वेळ होती. अमरावतीचे व्यापारी गाड्या घेऊन आले होते, बाया पालकाच्या जुड्या बांधत होत्या. आधी मनोज उभा राहिला, मग वर्षाली. दोघांचा आकडा मनोजनं खणखणीत पुकारला, सहदेवनं पुन्हा पुकारला, कोणाला काही वाटलं नाही. मग लुगड्याचा पदर सावरत बेबीताई पाटावर चढल्या. माझी सुई सरकत गेली आणि थांबली.

आणि मनोजनं आकडा पुकारला. वांग्याच्या पोत्याचा पुकारतात, तसा. त्याच्या मनात काही नव्हतं हो. जित्याची खोड, दुसरं काय! सहदेवनंही सवयीनं तो दुप्पट आवाजात पुन्हा पुकारला. एक व्यापारी ओरडला, "मनोजभाऊ, पोत्याचं वजन कापा ना त्यातून!" सगळी वाडी हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वाईट हे, की मनोजही हसला.

तो आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा सांगून झाला तेवढा पुरे.

बेबीताई खाली उतरल्या. कानशिलं लाल झाली होती. त्यांना पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. मनोज लहानपणी मोठ्या आजारातून उठला, तेव्हा शेषरावांनी त्याची गुळाची तुला केली होती, याच पाटावर. शेषराव सवयीनं आकडा पुकारणार, तोच बेबीताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता. "लेकराचं वजन बोलू नोका. नजर लागते." त्या लेकरानं आज चारचौघांत आईचा आकडा ओरडून सांगितला होता. आणि ज्यानं तो दाखवला तो मी. माझा सगळा इमानदारपणा त्या घडीला मला नकोसा झाला.

"मी नाई येत," त्या संध्याकाळी बेबीताई म्हणाल्या. "वाडीले पानी कोन देईन?"

मनोज चिडला. रुसायला काय झालं, म्हणाला. शेडपाशी येऊन त्यानं करिश्माताईला फोन लावला आणि एक माणूस कमी करायला सांगितलं. तिनं कारण विचारलं. त्यानं आढेवेढे घेत आकड्यासकट सारं सांगितलं. 

"दादा, वजन कोणाले टाकून द्याले नाई मागत," ती म्हणाली. "लहान विमान असते, कोणाले कुठं बसवावं ते ठरवाले मागतात. काकूचे वजन काई जास्त नाई. अन् तिथं वजन करतात तेव्हा आकडा फक्त त्यांच्या माणसाले दिसते. म्या मेसेज करा म्हटलं होतं, तुमी पुकार कावून केली?"

मनोजच्या कानांचा रंग मी पाहिला. त्यानं नाव कमी केलं नाही. फोन खिशात टाकला आणि मूग गिळून घरी गेला. मला वाटलं, आता जाऊन आईला सांगेल. एक वाक्य तर होतं! पण ते सांगायचं, तर आधी स्वतःची चूक कबूल करावी लागणार. त्याची त्याला लाज. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तो आईची नजर चुकवत राहिला.

इकडे काय घडत होतं, ते फक्त मला ठाऊक. घरची माणसं उठायच्या आधी बेबीताई शेडमध्ये येऊ लागल्या. अनवाणी पायांनी पाटावर चढायच्या, खांब धरून उभ्या राहायच्या. "एवढी जड बाई लहान्या इमानात कोन बसू देईन," असं पुटपुटायच्या. त्यांना जवळचे बारीक आकडे वाचता येत नाहीत. म्हणून पानाच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवून सुई असेल तिथे माझ्या चकतीच्या काचेवर ठिपका द्यायच्या. काही दिवसांनी त्याच्या मागे दुसरा ठिपका. मग तिसरा. घरी त्या म्हणत, पोट बरं नाही. आपली भाकर शेडमागच्या गाईपुढे टाकत. आणि मी बघत होतो, की माझ्या पाटावरची बाई रोज थोडी थोडी कमी होते आहे. जिचं वजन मुळी जास्त नव्हतंच, ती विमानात बसू देतील म्हणून उपाशी राहत होती.

मित्रांनो, माझी सुई अडकावी, माझ्या पोटातली स्प्रिंग तुटावी, असं मला वाटलं. जिला सांगायचं, ती रोज माझ्यावर उभी राहत होती. आणि मला तर आकड्यापलीकडे बोलताच येत नाही.

एका सकाळी मनोज पाना शोधत शेडमध्ये आला. आई पाटावर उभी होती, दोन्ही हातांनी खांब धरून, किंचित डोलत. तो जागीच थांबला. मग त्याला काचेवरचे ठिपके दिसले, एकामागे एक सरकत गेलेले.

"हे काय व आई?"

"चुना व्हय." त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "आला तं पाह्य बरं जरा. किती उतरलं? आता बसू देतीन का इमानात?"

मनोज माझ्यासमोर उभा राहिला. ज्याच्या पोटात आजवर एक आकडा राहिला नव्हता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी खाली बघत, अडखळत, करिश्माताईनं सांगितलेलं सगळं त्यानं सांगून टाकलं.

"कवा सांगतलं तिनं?"

"त्याच दिवशी."

बेबीताई हळूच पाटावरून उतरल्या आणि तिथेच टेकल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी बोलला, तं साऱ्या वाडीले आयकू आलं," त्या म्हणाल्या. "हे मातर मले एकटीले सांगाले तुयं तोंड नाई उघडलं रे, लेका."

एवढा मोठा बाप्या माणूस, आईच्या पायांशी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग चुन्याचा हात पदराला पुसून त्यांनी तो त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "जाय. वर्षालीले म्हणा दोन भाकरी टाक. अन् ठेचा कर. मले भूक लागली."

पोळा झाला आणि ते निघाले. आदल्या दिवशी मऊ पिशव्या माझ्यावर मोजायला आणल्या, तर मनोज प्रत्येक आकडा वर्षालीच्या कानात सांगू लागला. सहदेव बिचारा पुकारायला ताटकळत उभा. शेवटी बेबीताईच म्हणाल्या, "पिशव्याचं सांग ना मोठ्यानं! वांग्याचं, पिशव्याचं मोठ्यानंच सांगा लागते." तेव्हा कुठे सगळे मोकळे हसले. मला मात्र अजून पुरतं हसू येत नाही. काचेवरचे ठिपके मनोजनं पुसले, तरी एकाचा पांढरा डाग राहिलाच आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. पाटाला गंज चढला तर घासता येतो, सुई अडली तर तेल घालता येतं. माणसाचं तसं नाही. तुमच्या आईला, आजीला, वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला कधी काट्यावर उभं केलंत, तर आकडा मनात वाचा आणि मनातच ठेवा. आणि एखादी चांगली गोष्ट कोणाला सांगायची राहिली असेल, तर लाजेपायी ती पोटात धरून बसू नका. लगेच उठा आणि सांगून या. तिकडे कोणीतरी उपाशी असतं.