गल्लीतली प्रतिष्ठित बाई

कामिनीने खुशीला एक गोष्ट पक्की शिकवली होती: आई दिसल्याशिवाय शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून राहत्या खोलीवर पोलिसांची धाड पडली तेव्हा कामिनीच्या मनात कायदा-बियदा काही आला नाही. उन्हाळ्याची सकाळची शाळा, बाराला सुटणार, आणि पोरगी नागपूरच्या उन्हात फाटक धरून उभी राहणार, एवढंच आलं.

कूलरसमोर दुर्गेशशेठ शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत उभे होते. कळमेश्वरला त्यांचं बियाण्यांचं दुकान. फौजदार अपूर्वसाहेब नवे होते, नियम पाठ करून आलेले.

"बाई, तुम्ही पीडित आहात," ते मायेनं म्हणाले. "घाबरू नका, तुमची सुटका झाली."

"मंग जाऊ का, साहेब?"

"जाता कुठे? सुटका झालेल्यांना आम्ही सुधारगृहात ठेवतो. बाहेरून कुलूप असतं, काळजी नको."

"अन् हे शेठ?"

"ते गिऱ्हाईक. ते घरी जातील."

"म्हंजे सुटका माही झाली, अन् सुटून हे राहिले?"

हवालदार धोंडबाने खोकून हसू दाबलं. "साहेब, पंचनाम्याले पंच पायजेत. वस्तीतले दोन प्रतिष्ठित, त्यात एक बाई."

तो गल्लीत चक्कर मारून आला. त्याला पाहताच दुकानांची शटरं खाली आली होती. चक्कीवाली म्हणाली होती, पीठ सांडलं, ते भरून होईपर्यंत मी प्रतिष्ठित नाही.

साहेबांची नजर दुर्गेशशेठवर थांबली. "तुम्ही व्हा पंच. तुम्ही इथेच होता."

शेठची पाठ ताठ झाली. त्यांनी बटणं नीट लावली. "बरोबर, साहेब. भर वस्तीत हे असं चालते. मी सोता पाहून राहिलो."

"कव्हापासून पाहून राहिले, शेठ?" कामिनीने विचारलं.

"दिवाळीपासून," शेठ जोरात म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली.

आता बाई पंच हवी होती. कामिनीने घड्याळाकडे पाहिलं. "साहेब, मले करा ना."

"तुम्ही तर पीडित."

"शेठ खोलीत होते म्हनून पंच झाले. मीबी खोलीतच होती. अन् मी तर गल्लीतली आहो. हे कळमेश्वरचे."

"पण पंच प्रतिष्ठित लागतो."

"हे शेठलेच विचारा. शेठ, दिवाळीपासून तुमी कोनाकडे येऊन राहिले गा? प्रतिष्ठित बाईकडे, का कसल्याबी बाईकडे?"

दुर्गेशशेठनी रुमालाने मान पुसली. पंच झालेल्या माणसाला आता कसल्याबी बाईकडे जाता येणार नव्हतं. "प्रतिष्ठित," ते म्हणाले. "लई प्रतिष्ठित."

साहेबांनी डोळे मिटून सगळे नियम मनात म्हणून पाहिले. पीडितेने पंच होऊ नये, असं त्यांना एकाही नियमात आठवेना.

धोंडबा लिहायला बसला, मोठ्याने वाचत. "खोलीची झडती घेतली असता... दोन पंच मिळून आले." त्याने वर पाहिलं. "साहेब, आरोपी?"

"मिळून आला नाही."

"पीडित?"

"मिळून आली नाही," साहेब कष्टी आवाजात म्हणाले. पण रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी कूलर जप्त केला. धोंडबा आणि शेठ मिळून तो जिन्यावरून उतरवू लागले, आणि त्यातलं पाणी पायऱ्यापायऱ्यांवर सांडत गेलं. दोन्ही पंचांना जायची परवानगी मिळाली.

कामिनी पळतच निघाली. फाटकाशी खुशी एकटी उभी होती, दप्तर डोक्यावर घेऊन, पाय फाटकाच्या आत.

"उशीर काहून केला वं आई?"

"आज मी पंच होती."

"पंच म्हंजे काय?"

कामिनीने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि पदर तिच्या डोक्यावर धरला. "ज्याले घरी जाऊ देतेत, थो पंच."

खुशीने चालता चालता विचार केला. "मंग मी मोठी झाली का पंचच होईन."

"हो," कामिनी म्हणाली. घरी कूलर नाही, हे अजून सांगायचं होतं.